दातांवरचा थर

आमच्या लहानपणी हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत मोरीच्या कोनाड्यात राखुंडी आणि तिच्याशेजारी मिश्रीची डबी हमखास असे. तिने दात स्वच्छ राहतात, अशी समजूत होती. वस्तुतः मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरड्या दातांपासून सुटू लागतात व मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ साली बंदी केली. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र घरच्यांनीच मनाई करावयास हवी.

दातांवर साचणारा चिकट थर जंतूंचा असतो. तो मऊ आहे तोवर घरी निघतो. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट घेऊन सकाळी व निजण्यापूर्वी दोन-दोन मिनिटे, हिरडीच्या कडेने, हलक्या हाताने दात घासावेत. फटींतून दंतदोरा फिरवावा. लिंबू, कोळसा, विटेची पूड यांनी दातांचे कवच झिजते, ती वर्ज्य समजावीत.

लाळेतील क्षारांनी थर टणक होऊन त्याचे किटण झाले, की ते टाचणीने खरवडू नये. ते काम दंतवैद्याचे. धारवाडजवळ सत्तूर येथे १९८६ पासून एस.डी.एम. दंतमहाविद्यालय आहे. घरातील आजींना एकदा तेथे अवश्य न्यावे, आणि परतल्यावर कोनाड्यातील ती डबी त्यांच्याच हातून रिकामी करवावी.