फोन आहे, पण नंबर पाठ आहे का?



हल्ली घरोघरी मोबाईल आहे. काही अडलं की फोन लावू, असं सगळे म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. संकटाच्या वेळी पहिला दगा फोनच देतो. त्याची तयारी आधी करून ठेवावी लागते.

माझे काका मुंबईला लालबागच्या चाळीत राहतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! मुंबईच्या एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कळेना. लोकल बंद, फोन लागेनात. काका अंधेरीहून पाण्यातून चालत दुसऱ्या दिवशी घरी आले. तोवर काकू गॅलरीत उभ्या. पुढे १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. ज्यांचे फोन रात्री चार्ज केलेले होते त्यांचंच निभावलं.

आणि पावसाचीच वाट कशाला बघायची? गणपतीत लालबागला एवढी गर्दी होते, की जवळच्या माणसालाही फोन लागत नाही. काकू धाकटीच्या फ्रॉकच्या खिशात नाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी घालतात. मला ही युक्ती सगळ्यात आवडली. चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही.

आमचे आजोबा १९८२ च्या संपापर्यंत लालबागच्या गिरणीत होते. तेव्हा चाळीत मिळून एकच फोन, तोही खालच्या वाण्याकडे. तो नंबर आजोबांना अजून पाठ आहे. आमच्या बाबांना मात्र आईचा नंबर बघून सांगावा लागतो!

म्हणून मला वाटतं, चार-पाच नंबर कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहावेत. ११२ सगळीकडे चालतो, रुग्णवाहिकेला १०८, मुंबईत महापालिकेचा १९१६. नेट असतानाच आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. मग नेट गेलं तरी तो दिसतो, आणि आपण कुठे आहोत हे उपग्रहावरून कळतं. रेशनकार्डाचा फोटोही काढून ठेवावा. पण खरं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीतच हवं, हे आईचं म्हणणं मला पटतं. वादळाची सूचना आली की फोन चार्ज करून ठेवायचा, त्यावर गाणी बघत बसायचं नाही. फोन लागला नाही तर सारखा लावू नये. त्याने बॅटरी संपते. 'मी शाळेत आहे, सुखरूप' एवढा साधा संदेश पाठवावा. बोलणं होत नाही तेव्हाही तो बरेचदा पोचतो.

आमच्या वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांना घरचा नंबर येत नव्हता. गुरुजी म्हणाले, शुक्रवारपासून पाढ्यांबरोबर नंबरही म्हणून घेणार.