विश्लेषण : कामगाराची संमती म्हणजे स्वातंत्र्य का? बेकरीच्या खटल्याचा १२० वर्षांपूर्वीचा वाद आज का आठवावा?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊवरून १२ तास आणि तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सांगण्यात आले. पण पोट हातावर असलेल्याच्या संमतीला किती अर्थ असतो? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर पुढे त्याच न्यायालयाला बदलावे लागले.

लॉकनर खटला काय होता?

न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकऱ्यांसाठी कायदा केला. कामगाराकडून दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा जास्त काम करून घेण्यास मनाई झाली. त्या काळी अनेक बेकऱ्या तळघरांत चालत. भट्टीची धग, पिठाची धूळ आणि रात्रभर जागरण हे तिथले रोजचेच. युटिका शहरातील बेकरीमालक जोसेफ लॉकनर यांना ही मर्यादा मोडल्याबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरवून ५० डॉलर दंड झाला. राज्यातील न्यायालयांनी दंड कायम ठेवल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

न्यायालयाने कायदा का रद्द केला?

१७ एप्रिल १९०५ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. न्या. रुफस पेकहॅम यांनी बहुमताचा निकाल लिहिला. १४व्या घटनादुरुस्तीने संरक्षण दिलेल्या ‘स्वातंत्र्या’त करार करण्याचे स्वातंत्र्यही येते, बेकरी कामगार सज्ञान आहेत, त्यांना सरकारच्या पालकत्वाची गरज नाही, आणि हा व्यवसाय तास ठरवून द्यावेत इतका अपायकारक नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, कामगाराच्या स्वातंत्र्याचा हा दावा घेऊन न्यायालयात गेला होता तो मालक.

विरोधी मत काय होते?

न्या. जॉन हार्लन आणि त्यांच्याशी सहमत दोन न्यायमूर्तींनी बेकरी कामगारांच्या आरोग्याचे दाखले दिले. मालक आणि कामगार समान पातळीवर नसतात व गरजेपोटी कामगाराला अटी मान्य कराव्या लागतात, या समजातून कायदा झाला असू शकतो, याकडेही हार्लन यांनी लक्ष वेधले. न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचे स्वतंत्र मत अधिक गाजले. राज्यघटना कोणत्याही एका आर्थिक सिद्धांतासाठी लिहिलेली नसते, असे त्यांचे म्हणणे होते.

लॉकनरचे समर्थक आजही दुसरी बाजू मांडतात : या कायद्याने मोठ्या बेकऱ्यांचे फारसे बिघडत नव्हते, फटका बसत होता तो स्थलांतरितांच्या छोट्या बेकऱ्यांना.

निकाल कधी मागे पडला?

महिलांच्या कामाचे तास मर्यादित करणारा ओरेगॉन राज्याचा कायदा १९०८ मध्ये वैध ठरला. मात्र राजधानी वॉशिंग्टनमधील महिलांच्या किमान वेतनाचा कायदा १९२३ मध्ये रद्द झाला. महामंदीनंतर चित्र पालटले. वॉशिंग्टन राज्यातील हॉटेलात साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश यांनी किमान वेतनातील फरकासाठी दावा लावला. १९३७ मध्ये पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, पण या वेळी कामगाराच्या बाजूने निकाल लागला. राज्यघटनेत करारस्वातंत्र्याचा उल्लेखच नाही, असे सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी नमूद केले. मालकाने पोटापुरतेही वेतन दिले नाही, तर उरलेला भार समाजावर पडतो, हाही त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी किमान वेतन व ओव्हरटाइमचा राष्ट्रीय कायदा झाला.

भारतीय न्यायालयांची भूमिका काय?

आपल्या राज्यघटनेतच व्यवसायस्वातंत्र्यावर सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा आहे. अजमेरच्या बिजय कॉटन मिल्स प्रकरणात कामगार कमी वेतनावर काम करण्यास तयार असल्याचे सांगितले गेले. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये किमान वेतनाचा कायदा वैध ठरवला.

करोनाकाळात, योगायोगाने १७ एप्रिललाच, गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना १२ तासांची पाळी आणि ओव्हरटाइमला दुपटीऐवजी साध्या दराने वेतन देण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली. टाळेबंदीतील आर्थिक अडचण ही कारखाने कायद्यातील ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, असे सांगून न्यायालयाने कामगारांना कायद्यानुसार ओव्हरटाइम देण्याचे आदेश दिले.

मग संमतीचे काय?

जादा कमाईसाठी जास्त तास काम करू इच्छिणारे कामगार आहेत, हे खरेच. दुप्पट दराचा ओव्हरटाइम अनेक घरांना आधार देतो. म्हणूनच कागदावर सही आहे की नाही, एवढे पाहून भागणार नाही. सही नाकारणाऱ्याची नोकरी टिकते का, कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी कामावर घेतले जाते का आणि हे तपासणारी यंत्रणा कारखान्यापर्यंत पोहोचते का, यावर त्या संमतीचा खरेपणा ठरेल. ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल, तर ‘हो’ला अर्थ उरत नाही.