घरच्या तबकड्या आणि त्यांची राखण

नांदेड व लातूर येथील कांहीं कुटुंबांकडून या चातुर्मासांत आम्हांस एकाच अर्थाचीं पत्रें आलीं आहेत. हात निरनिराळे, प्रश्न एकच. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं दूरचित्रवाणीवरून घरीं उतरवून घेतलेल्या मराठी चित्रपटांच्या तबकड्या, म्हणजे ज्यांस आपण डीव्हीडी म्हणतों त्या, आतां यंत्रांत चालेनाशा झाल्या आहेत. त्यांचें काय करावें? लातूरच्या एका भगिनीनें तर असें विचारिलें आहे कीं, या तबकड्या घरांत बाळगणें हाच मुळीं गुन्हा नव्हे ना?

हा छंद घरोघरीं कां शिरला हें एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस सांगावयास नको. चित्रपट लागावयाचा नेमका संध्याकाळीं, आणि ज्या घरांत दहा-बारा पानें मांडावयाचीं त्या घरांतील सुनेला तो आरंभापासून शेवटपर्यंत क्वचितच लाभावयाचा. नायिकेचें लग्न ठरलेलें पाहून ती कणीक मळावयास उठे, आणि परत येऊन पाहते तों नायिका विधवा! पुढें १९९९ सालीं अल्फा मराठी, २००० सालीं ई टीव्ही मराठी आणि २००७ सालीं केवळ चित्रपटांकरितां झी टॉकीज अशा वाहिन्या निघाल्या, आणि त्याच सुमारास तबकडीवर चित्र उतरविणारीं यंत्रें मध्यम स्थितीच्या घरांसही परवडूं लागलीं. दुपारीं निजानीज झाल्यावर सासूबाईंनीं व सुनांनीं मिळून सबंध चित्रपट पाहावा, ही सोय या तबकडीनें प्रथम करून दिली. तिला चैन म्हणणाऱ्यांनीं एकदां स्वयंपाकघराच्या दारांतून चित्रपट पाहून मग बोलावें.

तें काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. साध्या तबकडीची धारणा ४.७ गिगाबाइट. उत्तम चित्र हवें असेल तर तीवर एक तास मावे, मध्यम दर्जाचें दोन तास, आणि चार तास कोंबले तर माणसांचीं तोंडें चौकटी-चौकटींचीं दिसूं लागत. अडीच तासांचा चित्रपट जाहिरातींसह साडेतीन तासांवर जाई. म्हणून जाहिरात लागतांच यंत्र थांबविण्याचें काम घरांतील एखाद्या शाळकरी पुतण्याकडे सोंपविलेलें असे. मध्यंतरानंतर त्याचा डोळा लागला कीं नायकाच्या मृत्यूनंतर लगेच साबणाची जाहिरात! शेवटीं तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागे, म्हणजे तिची अनुक्रमणिका कायमची लिहून टाकावी लागे. तें राहिलें तर दुसरें यंत्र तिला ओळखीत नसे. मराठवाड्यांत तर भारनियमनाचा घोर निराळाच. चित्रपट रंगांत आला असतां वीज गेली कीं एकदांच लिहितां येणारी ती तबकडी बहुधा फुकट जाई. इन्व्हर्टर आधीं घेतला कीं रेकॉर्डर, यावर त्या काळीं कित्येक घरांत वाद झालेले आहेत.

आतां कायद्याचा प्रश्न. दूरचित्रवाणीवरील चित्रपटांत दोन हक्क गुंतलेले असतात : एक प्रक्षेपण करणाऱ्याचा, दुसरा चित्रपटाच्या मालकाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचें आजचें कलम ३९ असें सांगतें कीं, स्वतःच्या खाजगी उपयोगासाठीं प्रक्षेपण मुद्रित करून घेतल्यानें प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाहीं. चित्रपटाच्या मालकाविषयीं मात्र बराच काळ अशी स्पष्ट सवलत नव्हती. कलम ५२ मधील खाजगी उपयोगाची मुभा पूर्वीं वाङ्मय, नाट्य, संगीत व कला यांपुरतीच होती. २०१२ च्या दुरुस्तीनें ती संगणकाच्या आज्ञावलीखेरीज सर्व कृतींस लागू झाली, आणि चित्रपट तींत आला. मात्र वापर न्याय्य असला पाहिजे, हा शब्द कायद्यानें राखून ठेविला आहे. अमेरिकेंत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं, तेंही पांच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें, मागाहून पाहण्यासाठीं कार्यक्रम घरीं उतरविणें हा न्याय्य वापर ठरविला होता.

तेव्हां त्या भगिनीनें निश्चिंत असावें. घरच्या माणसांसाठीं उतरविलेला चित्रपट घरांत पाहिला, यांत गुन्हा आम्हांस दिसत नाहीं. परंतु त्याच तबकडीच्या प्रती काढून नातलगांत वांटणें, गणेशमंडळाच्या पडद्यावर ती दाखविणें किंवा चार पैसे घेऊन देणें यांस खाजगी उपयोग कोणी म्हणणार नाहीं. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षें टिकतो. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ या चित्रपटाची ती मुदत २०१३ अखेर संपली. कथा व गीतें यांचे हक्क मात्र निराळे मोजावे लागतात.

अशा घरगुती संग्रहाला कांहीं मोल आहे काय? आहे, परंतु आमच्या कांहीं वाचकांस वाटतें तितकें सरसकट नाहीं. ‘आलम आरा’ या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या ताब्यांतील नायट्रेट फितींचा मोठा सांठा २००३ च्या जानेवारींत आगींत गेला. इंग्लंडांत बीबीसीनें आपल्याच जुन्या फिती पुसून टाकिल्या, आणि ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा आवाज आज ऐकूं येतो तो प्रेक्षकांनीं घरीं ध्वनिमुद्रित करून ठेविला म्हणून. फिलाडेल्फियांतील मॅरियन स्टोक्स या बाईंनीं तर २०१२ सालीं मरण येईपर्यंत तीसहून अधिक वर्षें दूरचित्रवाणी अखंड मुद्रित केली. सुमारें सत्तर हजार फिती मागें राहिल्या. परंतु जो चित्रपट आजही वाहिन्यांवर वारंवार लागतो त्याच्या धुरकट प्रतीसाठीं जिवाचें रान करण्यांत अर्थ नाहीं. जें पुन्हां लागत नाहीं, जसें एखादें जुनें दूरदर्शन-नाटक, मुलाखत अगर गाण्याची बैठक, तें आधीं वांचवावें.

आणि त्याच्याही आधीं त्याच डब्यांतील दुसऱ्या तबकड्या! आम्हांस आलेल्या पत्रांत एकीनेंही त्यांचा उल्लेख केलेला नाहीं, पण मुंजीची, लग्नाची, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची तबकडी बहुतेक त्याच डब्यांत असते, त्याच जातीची असते, आणि त्याच वेगानें मरत असते. घरीं लिहितां येणाऱ्या तबकडींत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो; लेसरच्या किरणानें त्यावर खुणा उमटतात. ऊन, उष्मा व दमट हवा यांनीं तो थर बिघडतो आणि वरून कांहीं दिसत नाहीं. वैशाखांत लातूरच्या माडीवर पत्र्याच्या कपाटावर ठेवलेला डबा म्हणजे भट्टीच. वर चिकटविलेली कागदी चिठ्ठीही कालांतरानें तबकडीस बाधते.

उपाय असा. तबकडी मऊ कापडानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसूं नये. एका यंत्रानें ती वाचली नाहीं तर दुसऱ्यांत घालावी. यंत्रायंत्रांत फरक असतो. वाचली कीं तत्काळ संगणकावर उतरवावी. शंभर तबकड्या पांचशें गिगाबाइटच्या एका हार्ड डिस्कवर मावतात. तीही अमर नसल्यानें दुसरी प्रत निराळ्या घरीं असावी. विलंब मात्र करूं नये. नव्या लॅपटॉपांत तबकडीचें यंत्रच बहुधा नसतें. व्हिडिओ कॅसेटचीं यंत्रें काढणारा अखेरचा मोठा जपानी कारखाना २०१६ सालींच थांबला, आणि सोनी कंपनीनें २०२५ च्या फेब्रुवारींत कोऱ्या ब्लू-रे तबकड्या काढणें बंद केलें.

नांदेडच्या एका पत्रांत निराळाच पेंच आहे. दोघे भाऊ विभक्त झाले; तबकड्यांचा डबा थोरल्या जाऊबाईंकडे राहिला, आणि धाकट्या जाऊबाई म्हणतात, रात्र रात्र जागून उतरविल्या त्या आम्हीं. आमचें मत त्यांस रुचो वा न रुचो, असें आहे : घरच्या कार्यांच्या तबकड्यांची प्रत दोन्ही घरांस मिळाली पाहिजे, त्यांत उपकार कोणाचाच नाहीं. चित्रपटांच्या तबकड्यांच्या प्रती काढूं नयेत. सासूबाई अजून आहेत, आणि त्या सहा-सहा महिने दोन्हीकडे राहतात असें पत्रांतच लिहिलें आहे. डबा त्यांच्याबरोबर जावा.