सह-गुंतवणुकीला मुभा मिळाली. राखण कोण करणार?

एकाच माणसाच्या हाती दोन घरांच्या थैल्या दिल्या आणि बाजारात एकच चांगला माल आला, तर तो कोणत्या थैलीतून घेतला जाईल? माल पुढे खोटा निघाला, तर तोटा कोणत्या थैलीवर पडेल? गुंतवणूक निधींच्या जगात हा प्रश्न शंभर वर्षे जुना आहे. भारतात त्याला नव्याने उत्तर देण्याचा प्रयत्न सेबीने सप्टेंबर २०२५ मध्ये केला. पर्यायी गुंतवणूक निधी, म्हणजेच एआयएफ, आणि त्यातील निवडक गुंतवणूकदार यांना एकाच कंपनीत, एकाच व्यवस्थापकाच्या छत्राखाली, बरोबरीने पैसा घालण्याची नवी वाट त्या महिन्यातील नियमदुरुस्तीने खुली झाली. १८ जून २०२५ रोजी सेबीच्या संचालक मंडळाने या बदलाला मान्यता दिली होती.

वरवर पाहता हा विषय मूठभर धनिकांचा वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. एआयएफमध्ये शिरण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान १ कोटी रुपये लागतात. नव्या सह-गुंतवणूक योजनेचे दार तर केवळ मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांसाठी उघडे आहे. व्यक्तीला ही मान्यता मिळवायची, तर वार्षिक उत्पन्न २ कोटी रुपये किंवा निव्वळ मालमत्ता साडेसात कोटी रुपये आणि त्यातील निम्मी वित्तीय स्वरूपात, अशी अट असते. दोन्हींचा मेळ घालणारा एक मधला निकषही आहे. तरीही सामान्य वाचकाने या घडामोडीकडे पाठ फिरवू नये. एआयएफमध्ये बँका आणि विमा कंपन्याही पैसा गुंतवतात. केंद्र सरकारने २०१६ साली नवउद्योगांसाठी जाहीर केलेला १० हजार कोटी रुपयांचा ‘निधींचा निधी’ सिडबीमार्फत याच एआयएफमधून उद्योगांपर्यंत पोहोचतो, आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तेवढ्याच रकमेच्या आणखी एका निधीची घोषणा झाली. थैलीची दोरी धनिकांच्या हाती असली, तरी थैलीत ठेवीदाराचा, विमाधारकाचा आणि करदात्याचाही पैसा आहे.

गरज कशातून निर्माण झाली?

एआयएफचे नियम २०१२ सालचे. त्यानंतर या क्षेत्राची वाढ इतक्या झपाट्याने झाली, की गुंतवणूकदारांनी देऊ केलेल्या रकमांचा आकडा २०२५ मध्ये १३ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. नवउद्योग, पायाभूत प्रकल्प, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्या यांना भांडवल पुरवण्याचे काम प्रामुख्याने पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतील निधी करतात. या निधींवर एक शहाणपणाचे बंधन आहे: गुंतवणूकयोग्य रकमेच्या २५ टक्क्यांहून अधिक पैसा एकाच कंपनीत घालता येत नाही. सगळी अंडी एका टोपलीत पडू नयेत, हा त्यामागचा हेतू.

अडचण येते ती याच टप्प्यावर. समजा, एखाद्या निधीकडे गुंतवण्यासाठी ४०० कोटी रुपये आहेत. एका कंपनीत तो फार तर १०० कोटी घालू शकतो. कंपनीला मात्र १६० कोटी हवे आहेत. उरलेले ६० कोटी आणायचे कोठून? परक्या निधीला बोलवावे, तर कंपनीच्या कारभारात नवा वाटेकरी येतो. त्यापेक्षा निधीतीलच मोठ्या गुंतवणूकदारांना ‘आणखी थोडा वाटा थेट उचलता का?’ असे विचारणे सर्वांच्या सोयीचे ठरते. कंपनीला भांडवल मिळते आणि व्यवस्थापकाच्या हातून व्यवहार निसटत नाही. गुंतवणूकदाराला पारखून घेतलेल्या कंपनीत, बहुधा कमी शुल्कात, मोठा हिस्सा मिळतो. जगभर सह-गुंतवणूक वाढली ती याच कारणाने.

भारतात याची तजवीज २०२१च्या अखेरीस झाली होती, पण ती वाट आडवळणाची होती. निधीच्या व्यवस्थापकाने पोर्टफोलिओ व्यवस्थापक म्हणून वेगळी नोंदणी करायची आणि प्रत्येक गुंतवणूकदाराच्या नावावर थेट शेअर घ्यायचे, अशी ती रचना. परिणामी नवउद्योगाच्या भागधारकांच्या यादीत एकाच व्यवहारामुळे अनेक नवी नावे येत. प्रत्येकाची सही, प्रत्येकाची संमती, प्रत्येकाचे कागद. पुढच्या फेरीचे भांडवल उभारताना कंपनीची दमछाक होई. एआयएफच्याच चौकटीत स्वतंत्र सह-गुंतवणूक योजना काढू देण्याचा नवा निर्णय ही गाठ सोडवतो. आता कंपनीच्या यादीत अनेकांऐवजी योजनेचे एकच नाव राहील.

मुभेबरोबरची कुंपणे

सेबीने दार उघडताना कुंपणही घातले आहे. सह-गुंतवणूक शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांपुरतीच मर्यादित आहे. प्रत्येक सह-गुंतवणूक योजनेचे बँक खाते आणि डिमॅट खाते वेगळे ठेवावे लागेल आणि एका योजनेची मालमत्ता दुसरीपासून अलग राहील. योजनेला कर्ज काढून गुंतवणूक करता येणार नाही. सह-गुंतवणूकदाराला मिळणाऱ्या अटी मूळ निधीला मिळालेल्या अटींपेक्षा सरस असता कामा नयेत. बाहेर पडण्याची वेळही दोघांची एकच असेल. निधी अडकून पडला आणि बडा गुंतवणूकदार आधीच हात धुऊन मोकळा झाला, असे होऊ नये, ही त्यामागची भूमिका. व्यवहाराचा खर्च दोघांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे सोसायचा आहे.

सर्वांत लक्षणीय अट तिपटीची. एखाद्या कंपनीत निधीमार्फत गुंतवणूकदाराचा जेवढा हिस्सा गेला असेल, त्याच्या तिपटीपर्यंतच त्याला सह-गुंतवणूक करता येईल. वरच्याच उदाहरणात निधीत १० टक्के वाटा असलेल्या गुंतवणूकदाराचे १०० कोटींपैकी १० कोटी कंपनीत गेले, असे धरता येईल. त्याला आणखी ३० कोटींपर्यंत थेट वाटा उचलता येतो. असे दोन गुंतवणूकदार पुढे आले, की उरलेल्या ६० कोटींची सोय होते. निधीत नाममात्र पैसा घालायचा आणि त्याच्या आडोशाने कोट्यवधींचा खासगी व्यवहार उरकायचा, हा प्रकार या अटीमुळे कठीण होतो. केंद्र व राज्य सरकारांच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्था, परदेशी सरकारांचे संपत्ती निधी आणि विकास वित्तसंस्था यांना मात्र या मर्यादेतून वगळले आहे.

एवढी कुंपणे पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही, असे वाटू शकते. पण ही सारी बंधने व्यवहार ठरल्यानंतरची आहेत. किंमत एक, अटी एक, वेळ एक, हे सर्व व्यवहाराच्या पोटातील समानतेबद्दल झाले. खरा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: कोणता व्यवहार सह-गुंतवणुकीसाठी पुढे करायचा, कोणासमोर ठेवायचा आणि निधीच्या वाट्याला त्यातील किती ठेवायचे, हे कोण ठरवणार? व्यवस्थापक. आणि त्याच व्यवस्थापकाला पुढच्या वर्षी नवा निधी उभारायचा असतो, त्यासाठी त्याच बड्या गुंतवणूकदारांचे दार ठोठवायचे असते. उत्तम संधीत निधीचा वाटा थोडा कमी ठेवून बड्यांना खूश करण्याचा मोह येथे जन्मतो. याच्या उलटही घडू शकते: निधीला पेलणार नाही असा जोखमीचा व्यवहार रेटण्यासाठी सह-गुंतवणुकीचा टेकू घेतला जाऊ शकतो. दोन्ही बाबतींत कागदावरची किंमत आणि अटी तंतोतंत सारख्याच दिसतील.

अमेरिकेचा उलटा प्रवास

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. १९२०च्या दशकात तेथील गुंतवणूक न्यासांचे प्रवर्तक आपल्याच एका न्यासाचा पैसा आपल्याच दुसऱ्या धंद्याच्या सोयीसाठी वापरत असल्याची प्रकरणे मंदीनंतर उजेडात आली. काँग्रेसच्या आदेशावरून रोखे व विनिमय आयोगाने, म्हणजे एसईसीने, त्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि त्यातून १९४०चा गुंतवणूक कंपनी कायदा जन्मला. त्याच्या कलम १७ मधील तरतुदीने संलग्न व्यक्तींना आणि निधींना नोंदणीकृत निधीबरोबर एकत्र व्यवहार करण्यास मुळातच मनाई केली. करायचाच असेल, तर आधी आयोगाकडून आदेश घ्यावा लागे. १९८०च्या दुरुस्तीने लहान उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या व्यवसाय विकास कंपन्यांचा प्रकार अस्तित्वात आला, तेव्हा त्यांनाही तशीच बंधने लागू झाली.

पुढे खासगी कर्जपुरवठ्याचा व्यवसाय फोफावला. एकेका व्यवस्थापकाकडे अनेक निधी आले आणि सूट मागणाऱ्या अर्जांची रीघ लागली. आयोग सूट देई, पण जाचक अटींसह. प्रत्येक सह-गुंतवणुकीला निधीच्या स्वतंत्र संचालकांची संमती घ्यावी लागे. त्यांच्यासमोर कागदांचे ढीग साचत आणि महत्त्वाचे प्रकरण त्यातच दडून जाई. एप्रिल २०२५ मध्ये एफएस क्रेडिट ऑपॉर्च्युनिटीज या निधीच्या अर्जावर दिलेल्या आदेशाने आयोगाने हा साचा सुटसुटीत केला. एकाच प्रकारचे रोखे, एकच किंमत, एकच वेळ हे मूळ तत्त्व कायम राहिले. संचालकांची आगाऊ संमती मात्र जेथे हितसंबंधांची टक्कर खरोखर संभवते तेवढ्यापुरतीच उरली. संलग्न निधीचा त्या कंपनीत आधीपासून पैसा असेल, तर ती लागते. नंतरच्या गुंतवणुकीत वाटे पूर्वीच्या प्रमाणात नसतील, तरीही ती लागते.

म्हणजे अमेरिका मनाईकडून मुभेकडे आली आणि भारताने आडवाटेची मुभा सरळ केली. दोन्ही देश जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले असले, तरी एक फरक दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकी निधीला स्वतंत्र संचालकांचे मंडळ असते. व्यवस्थापकाला ‘हे नको’ असे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्याच्याकडे असते. भारतातील बहुतेक एआयएफ न्यासाच्या रूपात चालतात. विश्वस्त कंपनी असते, पण दैनंदिन निर्णयांची सूत्रे व्यवस्थापकाकडेच राहतात. अटी शिथिल करताना अमेरिकेने पहारेकऱ्याचे काम कमी केले, पहारेकरी काढला नाही. भारतात त्या जागी कोण उभा आहे, हे अजून स्पष्ट व्हायचे आहे.

पहाऱ्याची साधने हाताशी आहेत

याचा अर्थ भारतीय चौकट उघडीवाघडी आहे, असा नव्हे. आपल्याच संलग्न संस्थेत किंवा आपणच चालवत असलेल्या दुसऱ्या निधीत पैसा घालायचा असेल, तर मूल्यानुसार ७५ टक्के गुंतवणूकदारांची संमती व्यवस्थापकाला आजही घ्यावी लागते. योजनेतील सर्व गुंतवणूकदारांचे हक्क त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात असावेत, असा दंडक सेबीने २०२४ मध्ये घातला. माहितीपत्रकात दिलेल्या शब्दाप्रमाणे निधी चालतो की नाही, याचे वार्षिक लेखापरीक्षणही होते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ मध्ये बँका व वित्तसंस्थांच्या एआयएफमधील गुंतवणुकीवर मर्यादा घातल्या: एका संस्थेला योजनेच्या निधीच्या १० टक्के आणि सर्व संस्थांना मिळून २० टक्के. १ जानेवारी २०२६ पासून त्या लागू झाल्या. थकीत कर्ज झाकण्यासाठी एआयएफचा आडमार्ग वापरला जातो, या चिंतेने रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्येच लगाम आवळला होता. चांगल्या हेतूने उघडलेल्या वाटेचाही गैरवापर होऊ शकतो, याचा तो ताजा धडा आहे.

आता गरज आहे ती हीच साधने नेमक्या जागी लावण्याची. सह-गुंतवणुकीची संधी कोणत्या निकषावर आणि कोणत्या क्रमाने दिली जाईल, हे व्यवस्थापकाने आधी लिहून ठेवावे आणि ते निधीतील प्रत्येक गुंतवणूकदाराला कळावे, केवळ ज्यांना संधी मिळते त्यांनाच नव्हे. वर्षाअखेरीस कोणती संधी कोणासमोर ठेवली, कोणी घेतली आणि निधीचा वाटा कमी ठेवला असल्यास का, याचा हिशेब वार्षिक लेखापरीक्षणाच्या कक्षेत यावा. निधी पुरेसा पैसा बाळगून असतानाही मर्यादेपेक्षा कमी वाटा घेतो आणि उरलेला सह-गुंतवणूकदारांकडे वळवतो, अशा व्यवहारांपुरती तरी विश्वस्तांची किंवा गुंतवणूकदारांच्या समितीची आगाऊ संमती असावी. प्रत्येक व्यवहारावर शिक्का मागण्याची चूक अमेरिकेने दीर्घकाळ केली. ती येथे गिरवण्याचे कारण नाही. मोजक्या, खऱ्या टकरीच्या जागी मात्र तिसरा डोळा हवा.

गोव्यात देवस्थानांच्या आणि कोमुनिदादींच्या पावणीची परंपरा आहे. बागायतीचे उत्पन्न किंवा शेत कोणाला द्यायचे, हे चार कारभाऱ्यांनी आपसांत न ठरवता सर्वांसमक्ष बोली लावून ठरावे, हा त्यामागचा विचार. कारभारी अप्रामाणिक आहेत असे गृहीत धरून ती रीत पडली नाही. प्रामाणिक कारभाऱ्यावरही संशयाची सावली पडू नये, म्हणून पडली. निधी व्यवस्थापकांनी नव्या नियमांकडे याच नजरेने पाहायला हवे. वाटपाचे निकष उघड ठेवणारा व्यवस्थापक स्वतःचेच हात मोकळे करून घेतो.

सह-गुंतवणुकीची वाट सरळ करण्याचा सेबीचा निर्णय योग्य आहे. नवउद्योगांना देशातील भांडवल हवे असेल, तर ते पोहोचवणाऱ्या वाटा कागदपत्रांनी तुंबलेल्या असून चालणार नाही. मात्र या निर्णयाचे यश नव्या योजनांच्या संख्येवर मोजता येणार नाही. एखादा सह-गुंतवणुकीचा व्यवहार बुडेल, तेव्हा निधीतील लहान वाटेकऱ्याला वाटपाची नोंद मागता येईल का आणि ती मागितल्यावर मिळेल का, यावरच या मुभेची पारख होईल.