फी भरून शब्द येत नाहीत



मागच्या महिन्यात आपल्याच एका घरचा नववीतला मुलगा आजोबांना घेऊन आमच्या काउंटरवर आला. नर्सरीपासून इंग्रजी माध्यम. एफडीचा कागद पाहून विचारतो, ‘काका, प्रिन्सिपल म्हणजे शाळेचे ना? ते इथे कसे?’ आम्ही म्हटले, ‘अरे, मुद्दल.’ मुद्दल कळेना. मूलधन म्हटले, तेही कळेना. आजोबा नुसते कागदाकडे बघत राहिले.

दोष पोराचा नाही, आपला आहे. इंटरेस्ट म्हणजे व्याज आणि गोडीही, बॅलन्स म्हणजे शिल्लक आणि तोलही. घरात हे मराठी शब्द रोज कानावर पडत असतील, तर इंग्रजी शब्दाला टांगायला खुंटी मिळते. आपण त्या खुंट्याच उपटल्या. ‘बेटा, काउ देख’ म्हणणाऱ्या घरात ना धड मराठी उरली, ना हिंदी, आणि इंग्रजी तर आलीच नाही.

शाळेत रोज दहा शब्द पाठ, शनिवारी परीक्षा, सोमवारी पाटी कोरी. उलट मांडूला खुरासानी इमली विकणारी पोरे पाहा. पाहुण्याला फळ दाखवून ‘बाओबाब’ म्हणतात ते जन्मात विसरत नाहीत, कारण शब्दासोबत वस्तू हातात असते.

बँकेच्या कारकुनाने शिक्षणावर बोलू नये असे काहींना वाटेल. वाटो. पण इंग्रजी आपल्या मुलखाला नवी नाही. देवास थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर खासगी सचिव होते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर १८३१ चा. आपले वाडवडील तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकले. मराठी वाक्य इंग्रजीत करायचे, इंग्रजी मराठीत आणायचे, चुकले की पुन्हा करायचे. त्यात घाम गाळावा लागे, म्हणून शब्द टिकत. आज आपण घामाऐवजी फी भरतो.

राज्यघटनेचे कलम ३५०-क १९५६ पासून आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. मत मागायला आलेल्या कोणत्या उमेदवाराला धार-नालछ्यात आपण हे विचारले? सभागृहाला पत्रे आणि बोअरिंग मात्र दरवेळी मागितले.

आणि मंडळ काय करते? गुणवंतांना शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकची ट्रॉफी. ज्याला ट्रॉफी मिळते त्याला तिच्यावर कोरलेला ‘मेरिटोरियस’ वाचता येतो का, हे एकदा व्यासपीठावरच विचारून बघा.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव मांडणार आहोत. सत्काराचा निम्मा खर्च इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि सोप्या गोष्टींच्या पुस्तकांवर व्हावा, आणि दर रविवारी सकाळी तासभर सभागृहात भाषांतराचा वर्ग भरावा. शिकवायला आम्ही बसू, मानधन नको. सभागृहाची किल्ली तेवढी वेळेवर मिळावी.