शेकरू मोजणं थांबवा, फांद्या जोडा

गेल्या मार्गशीर्षात ताम्हिणीच्या वाटेवर एका देवराईच्या कडेला उभा होतो. आंब्याच्या फांदीवरून शेकरू टोकापर्यंत धावत आला आणि थबकला. पलीकडचा जुना हिरडा रस्ता रुंद करताना आडवा केला होता. शेकरू वीस फुटांची उडी सहज मारतो, पण इथली मोकळी जागा त्याच्या दुप्पट होती. तीनदा तो टोकाशी आला आणि तीनदा मागे फिरला. जमिनीवर उतरून रस्ता ओलांडणं त्याच्या रक्तातच नाही.

हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. कमानीवर, चित्ररथावर, कार्यालयाच्या भिंतीवर तो आहे. त्याच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. २०१३ साली ताम्हिणीचंही अभयारण्य झालं. मग दरवर्षी बातमी येते: इतकी घरटी मोजली. अहो, एकच शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधतो, काही अर्धवट सोडून देतो. घरटी वाढली म्हणजे शेकरू वाढले, हे कुठलं शास्त्र? आकडा छापून स्वतःचं समाधान करून घ्यायचं आणि त्याच आठवड्यात मालकी रानात जेसीबी घालायला परवानगी द्यायची, ही निव्वळ फसवणूक आहे.

चीनने पांडाच्या बाबतीत आधी रान तुटू देण्याची हीच चूक केली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत डोंगरच्या डोंगर बांबू एकदम फुलून वाळला. पूर्वी अशा वेळी पांडा शेजारच्या खोऱ्यात उतरायचे. मधलं रान तोडलेलं असल्याने ते अडकले आणि उपाशी मेले. तेव्हा कुठे शास्त्रज्ञांचं ऐकलं गेलं. विष्ठेतल्या बांबूच्या तुकड्यांची लांबी आणि डीएनए यांवरून प्राणी ओळखायला ते शिकले, तुटलेली रानं जोडायला लागले. चौथ्या गणनेत १,८६४ पांडा निघाले आणि २०१६ साली तो 'संकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आला. तरीही २०२० च्या एका अभ्यासाने दाखवलं की पांडाच्या बहुतेक राखीव रानांतून बिबट्या नाहीसा झालाय. एका प्राण्याचं नाव घेऊन अख्खं रान वाचत नाही, हे तिथल्या शास्त्रज्ञांनीच जगाला सांगितलं.

आपल्याकडे शास्त्राची वानवा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पालथ्या घातल्या. रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरात शेकरूचं खाणं अभ्यासलं. फळं, बिया, कोवळी पानं, साल. ऋतू बदलला की झाड बदलतं. म्हणून त्याला वेगवेगळी झाडं हवीत, फांदीला फांदी भिडलेली. हे माहीत असूनही वृक्षारोपणाच्या नावाखाली रांगेने गिरिपुष्प लावणाऱ्यांचा मला संताप येतो. त्या काटकुळ्या रांगेत शेकरू घर तरी कुठे बांधणार, आणि खाणार काय?

देवराईतल्या बियांपासून आंबा, जांभूळ, उंबर, हिरडा यांची रोपं करा. माघ संपायच्या आत जाळरेषा काढा, नाहीतर वणवा रोपं खाईल. रस्ता रुंद करायचाच असेल, तर कुठली झाडं ठेवली की वर फांद्या जुळतात, हे आधी अभ्यासकाकडून आखून घ्या आणि मगच कुऱ्हाड उचला.

त्या हिरड्याचा बुंधा अजून तिथेच आहे. त्याला वीतभर फुटवे आलेत आणि गुरं ते खातायत. आज त्याला काटेरी कुंपण घालायला हवं.