पाथरवटाच्या घामाचे दाम

गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका गावी सभेला गेलो होतो. मारुतीच्या पारापाशी चार वीरगळ नीट उभे केलेले दिसले. आदल्या वर्षी त्यांतला एक नालीवर फरशी म्हणून टाकलेला होता आणि दोन उकिरड्याच्या कडेला कलंडलेले होते. कोणी उभे केले म्हणून विचारले, तर उत्तर आले, "वडारवाड्यातल्या पोरांनी. एक पैसा घेतला नाही." सांगणाऱ्याला मोठे कौतुक होते. आम्हालाही क्षणभर वाटले, मग लाज वाटली.

वीरगळ म्हणजे वीराचा दगड. शब्द कानडी वळणाचा, 'कल्लु' म्हणजे दगड. खालच्या चौकटीत पडलेला माणूस किंवा लढाई, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्र-सूर्य. शिलाहार-यादवांच्या काळातले असे कितीतरी दगड महाराष्ट्रात आहेत. बोरिवलीच्या एकसरला तर दगडावर गलबतांची लढाई आहे. काहींवर गाई कोरलेल्या असतात. गावची गुरे वळवून नेणाऱ्यांना आडवा गेला आणि मेला, तो हा माणूस. राजाबिजा नव्हे. बहुतेकांवर नावसुद्धा नाही.

हे दगड कलंडतात त्याला आपली काळी माती कारण आहे. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षी दगड थोडा हलतो. शेतकी कॉलेजात आम्ही हे पुस्तकातून शिकलो. तिथला म्हातारा मिस्त्री एका वाक्यात म्हणाला, "कपाशी काळीत लावा साहेब, धोंडा मुरमात लावा." त्यांनी काळी उपसून मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, बूड बसवून भोवती चिपा ठासल्या, पाणी बाहेर जाईल असा उतार दिला. ऑइलपेंट खरवडायला तारेचा ब्रश लावू दिला नाही, नक्षी जाते म्हणून. चौथऱ्याच्या सांध्यांत सिमेंट नाही, चुना आहे. सिमेंट ओल कोंडून धरतो आणि पुढे दगडाचीच कड सुटते. चौथऱ्याचे दगडही त्यांनीच घडवून आणले. शेजारी एक कोरा घडीव दगड ठेवला आहे, गाव सांगेल ती नावे कोरायला. सुरेगावला 1986 साली कापूस आंदोलनात गोळीने गेलेल्या तिघांची कोरा, असे काही जण म्हणतात. कर्जापायी गेलेली आपल्याच गावची माणसे काय कमी आहेत, असे बाकीचे. वाद अजून मिटलेला नाही.

चार माणसांचे नऊ दिवस गेले. गावाने दिला चहा.

जाते वडारांचा धंदा जाती, पाटे-वरवंटे घडवण्याचा. गिरणी आली, मिक्सर आला, धंदा बसला. सरकारच्या यादीत हा समाज विमुक्त जातींत आहे. त्या वाड्यातल्या कित्येकांच्या घराखालची जागा अजून त्यांच्या नावावर नाही. दगडाचे काम काय असते हे आपल्याला कळत नाही असेही नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्याच आयाबापांनी रोजावर खडी फोडली आहे.

'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत आपण रस्त्यावर बसलो. कापसाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरलीच पाहिजे, असा हट्ट धरला. आणि छिन्नी-हातोड्याची मजुरी मात्र 'पोरांनी फुकट केले' म्हणून खात्यातून गाळतो?

दान नाकारा असे आम्ही म्हणत नाही. त्या मिस्त्रीला पैशाचे विचारले तर तो रागावला. "हे आमच्याकडनं गावाला. त्याचा हिशोब करू नका. दुसऱ्या गावानं बोलावलं तर रोज सांगू." याहून सरळ व्यवहार कोणता? त्यांनी आपण होऊन दिले ते दान. गावाने गृहीत धरले तर ती वेठबिगार झाली.

तेव्हा जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावात किती वीरगळ कुठे पडले आहेत, ते कोणाच्या हातून उभे करणार, रोज किती ठरला आणि वर्गणी किती जमली, हे कागदावर लिहून आणावे. वडारवाड्याच्या जागेचा ठराव ग्रामसभेत झाला असेल तर त्याची नक्कलही सोबत आणावी.